देवराई, सीताफळ आणि १२चा एच-इंडेक्स: एका संशोधन-फायलीचा प्रकरण अभ्यास

छाननी समितीचा शेरा एका ओळीचा होता: ‘सायटेशन पुरेशी, परंतु बहुतांश विषयाबाहेरची.’ सायटेशन म्हणजे एखाद्या पेपरचा दुसऱ्या लेखनात दिलेला संदर्भ. जागा उद्यानविद्येतली, वरिष्ठ संशोधकाची. उमेदवार पुण्यातल्याच एका संस्थेत अकरा वर्षं सीताफळावर काम करणाऱ्या मॅडम. त्यांची पीएच.डी. मात्र परिसरशास्त्रातली, मुळशी आणि भोरच्या देवरायांत फुलांवर येणाऱ्या कीटकांवरची. आदल्या वर्षी त्यांनी एका परिसरशास्त्राच्या प्रकल्पासाठी अर्ज केला होता. तिथल्या परीक्षकाने लिहिलं, ‘अलीकडचं काम एका स्थानिक पिकापुरतं.’ उद्यानविद्यावाल्यांना त्यांचे आकडे परके वाटले, परिसरशास्त्रवाल्यांना त्यांचं पीक.

आधीच सांगून टाकतो, या मॅडम म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे आणि त्यांच्या पेपरचे, सायटेशनचे आकडे हिशेब दिसावा म्हणून घेतले आहेत. नियम, संस्था, वर्षं आणि सीताफळाचं फूल हे सगळं खरं आहे. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, नाहीतर भरतीच्या फायली ज्यांच्या टेबलावरून जातात त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

या प्रकरणाची गाठ सीताफळाच्या फुलातच आहे, म्हणून तिथून सुरुवात. हे फूल आधी मादी अवस्थेत असतं. स्त्रीकेसर पराग घ्यायला तयार असतात तेव्हा त्याच फुलातले पुंकेसर फुटलेले नसतात, आणि ते फुटतात तोवर स्त्रीकेसरांची वेळ टळून गेलेली असते. पाकळ्या जाड, मांसल, जेमतेम किलकिल्या होणाऱ्या. मधमाशीला इथे फारसं काम नाही. निटिड्युलिडी कुळातले बारीक भुंगेरे त्या फटीतून आत शिरतात आणि पराग एका फुलातून दुसऱ्यात नेतात. झाड फुलांनी लगडतं आणि फळं मोजकीच धरतात, त्याचं एक मोठं कारण हे. सीताफळाच्या नात्यातल्या चेरिमोया आणि अॅटेमोयाच्या बागांत ब्रशने हाताने परागीभवन करायची रीत काही देशांत रुळली आहे. इस्रायल आणि ऑस्ट्रेलियात कुजकी फळं ठेवून भुंगेरे बागेत बोलावण्याचे प्रयोगही झाले.

आता पुरंदरच्या बागायतदाराच्या जागी उभे राहा. पिठ्या ढेकूण आणि फळमाशी आटोक्यात ठेवायची तर बाग स्वच्छ ठेवा, पडलेली फळं उचला, हा कृषी खात्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळ्यांचा सल्ला. भुंगेऱ्यांना नेमका तोच कुजका माल हवा असतो. मॅडमचं अकरा वर्षांचं काम या ओढाताणीवर आहे: किती स्वच्छता, कुठल्या महिन्यात, आणि बागेच्या कडेला झुडपी माळ असला तर फळधारणेत काय फरक पडतो. हे काम उद्यानविद्येचं की परिसरशास्त्राचं? सासवडच्या बाजारात कुणाला हा प्रश्न पडत नाही. तो पडतो अर्जाच्या तिसऱ्या पानावर, ‘विषय’ या रकान्यापाशी.

फायल ग्रंथपालांकडे गेली ती खुद्द मॅडमनीच नेली म्हणून. “सर, यांना काय दाखवू म्हणजे पटेल?” ग्रंथपाल म्हणाले, “मॅडम, पटवायचं नंतर बघू. आधी तुमच्या नावावर नक्की काय काय आहे ते तरी मोजू.”

आणि मोजायला घेतल्यावर पहिली भानगड नावाचीच निघाली. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या. दोन ठिकाणी मधलं अक्षर वडिलांच्या नावाचं, एरवी नवऱ्याच्या. एका नियतकालिकाने आडनाव आधी छापलं आणि डेटाबेसने तेच पहिलं नाव धरलं. स्कोपस या पेपर आणि सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये त्यामुळे त्यांची दोन प्रोफाइलं तयार झाली होती. गूगल स्कॉलरवर उलटा प्रकार: त्याच आद्याक्षरांच्या दुसऱ्या कुणाचे चार पेपर यांच्या खात्यात येऊन बसले होते आणि तीन पेपर दोनदा मोजले गेले होते. आपल्याकडच्या बायकांच्या संशोधनाची अर्धी अडचण या नावांच्या घोळात आहे असं माझं मत आहे, आणि ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारा संशोधकाचा ओळख क्रमांक, २०१२पासून मिळत असूनही तो वेळेवर काढणारे अजून थोडेच. मॅडमनीही काढला तो नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी.

साफसफाई झाल्यावर स्कोपसमध्ये २६ पेपर उरले. १२ परिसरशास्त्राचे, १४ उद्यानविद्येचे. पहिल्या गटाची सायटेशन उतरत्या क्रमाने अशी: ४१०, ५८, ४१, ३३, २४, १९, १४, ११, ८, ५, ३, १. दुसऱ्याची: २२, १७, १५, १३, १२, १०, ९, ७, ६, ४, ३, २, १, ०. एकूण ७४८.

एच-इंडेक्स हा मापदंड भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५मध्ये मांडला. किमान ‘एच’ सायटेशन मिळालेले ‘एच’ पेपर, एवढीच त्याची व्याख्या. मॅडमच्या परिसरशास्त्राच्या पेपरचा एच-इंडेक्स ८, उद्यानविद्येचा ७ आणि दोन्ही मिळून १२. बेरीज १५ होत नाही, कारण हा आकडा बेरजेचा नाहीच. आधी दोन प्रोफाइलांमध्ये विभागलेलं नाव जोडलं तेव्हाही हाच अनुभव आला होता. म्हणजे ज्या माणसाने दोन विषयांत हात घातला त्याला एका विषयाच्या समितीसमोर ८ नाहीतर ७चा म्हणून उभं राहावं लागतं, आणि एकाच विषयात राहिलेल्या, तेवढंच काम केलेल्या माणसाला १२चा म्हणून. समितीतल्या कुणीही यात लबाडी केलेली नव्हती. त्यांनी फक्त आपल्या विषयाची नियतकालिकं मोजली.

मग ४१०वाला पेपर. हा जगभरच्या फळपिकांच्या परागीभवनाची माहिती एकत्र करणारा संकलनात्मक अभ्यास, ८३ लेखक, मॅडमचं नाव वर्णानुक्रमाने ४७वं. त्यांनी दिली होती सहा बागांची मोजमापं. या जातीचे अभ्यास परिसरशास्त्रात गेल्या दोन दशकांत फार गाजले. २००७मध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकं कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असल्याचं दाखवलं. २०१३मध्ये गारिबाल्डी आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये ४१ पीकपद्धतींची माहिती एकत्र करून मांडलं की रानटी परागवाहक पाळीव मधमाश्यांच्या संख्येवर अवलंबून न राहता फळधारणा वाढवतात. दोन्ही पेपरचा विषय पीक, पण मांडणी आणि छापण्याची जागा परिसरशास्त्रज्ञांच्या ओळखीची. अशा लेखनाला सायटेशन धो धो मिळतात.

४१०वाला पेपर बाजूला काढला तर मॅडमची एकूण सायटेशन ७४८वरून ३३८वर येतात, निम्म्याहून खाली. एच-इंडेक्स मात्र १२वरून ११वर, एवढाच हलतो. समितीसाठी केलेल्या टिपणात ग्रंथपालांनी हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले, आणि मला वाटतं साऱ्या टिपणातली ही सर्वांत उपयोगी ओळ होती. समितीला ‘सायटेशन पुरेशी’ वाटली ती प्रामुख्याने या एका पेपरमुळे. तो मॅडमचा म्हणता येतो का? सहा बागांपुरता. त्यांनी स्वतःही तो ‘प्रमुख योगदान’ या रकान्यात घालायला नको म्हणून सांगितलं, आणि इथे त्यांना मानलं पाहिजे. बहुतेक अर्जांत असा पेपर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत असतो.

गुणांचे तक्ते मात्र या विचाराला जागा देत नाहीत. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत विज्ञान आणि कृषी शाखांत प्रत्येक पेपरला ८ मूळ गुण. वर इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी) नसलेल्या नियतकालिकाला ५, आणि पुढे चढत्या भाजणीने १०पेक्षा जास्त फॅक्टर असलेल्याला ३०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. अधिक असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७०, बाकी प्रत्येकाला ३०. मॅडमचा सीताफळाच्या भुंगेऱ्यांवरचा दोन लेखकांचा पेपर, तीन हंगामांचं काम, फॅक्टर नसलेल्या भारतीय नियतकालिकात: १३चे ७० टक्के, ९.१ गुण. संकलनाचा पेपर मोठ्या फॅक्टरच्या नियतकालिकात: ३८चे ३० टक्के, ११.४ गुण. लेखक चार असोत की ८३, ‘बाकी प्रत्येकाला ३०’ हे बदलत नाही.

आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, संस्थांत आणि कृषी विद्यापीठांत तक्ता वेगळा. तिथे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचं, म्हणजे ‘नास’चं मानांकन चालतं. इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकाला ढोबळमानाने ६ अधिक तो फॅक्टर, कमाल २०. नसलेल्याला ६च्या आत. पुण्यात आणि आसपास ही दोन जगं शेजारी शेजारी नांदतात. आघारकर संशोधन संस्था, पाषाणची आयसर, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र एकीकडे. शिवाजीनगरचं १९०७चं कृषी महाविद्यालय, मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, राजगुरुनगरचं कांदा-लसूण संचालनालय दुसरीकडे. चहाला लोक एकत्र येतात, पण फुटपट्ट्या आपापल्या. आणि गंमत म्हणजे नासच्या पट्टीवरही परिसरशास्त्राचं नियतकालिक बहुतेकदा वरचढ ठरतं, कारण पट्टीच्या आत पुन्हा इम्पॅक्ट फॅक्टरच बसलेला आहे. समिती ज्याला विषयाबाहेरचं म्हणत होती, तिचाच तक्ता त्याला जास्त गुण देत होता.

इम्पॅक्ट फॅक्टर मुळात नियतकालिकाचा, आदल्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात मिळालेल्या सायटेशनच्या सरासरीचा. फळझाडाला ही दोन वर्षांची खिडकी फार अपुरी. आज छापलेली शिफारस कुणी नव्या लागवडीत वापरली तरी त्या झाडांना नीट फळं लागून त्यावर कुणी लिहीपर्यंत खिडकी केव्हाच बंद झालेली असते. परिसरशास्त्रातही रेंगाळत पोचणारं काम असतंच. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा पेपर १९७६चा, ‘इकॉनॉमिक बॉटनी’मधला. देवराईवर आज काम करणारा विद्यार्थीसुद्धा त्याच्यापाशी जाऊनच पुढे सरकतो. मॅडमच्या प्रबंधाचीही पायवाट तिथूनच निघालेली.

एका सदस्याने सुचवलं की विषयानुरूप सरासरीशी तुलना करा, म्हणजे वाद मिटेल. त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखनाला जगभर सरासरी जेवढी सायटेशन मिळाली तिच्याशी भागाकार. उत्तर १ आलं तर सरासरीइतकं. सूचना शहाणपणाची होती. उद्यानविद्येच्या ८ सायटेशनची परिसरशास्त्राच्या १६शी सरळ तुलना करणं चूक, हे तरी त्यातून कबूल झालं. पण पेपरचा विषय डेटाबेस ठरवतो तो नियतकालिकावरून. भुंगेऱ्यांवरचा पेपर कीटकशास्त्राच्या नियतकालिकात गेला तर तुलना कीटकशास्त्राशी, फळबागेच्या नियतकालिकात गेला तर उद्यानविद्येशी. स्कोपसमध्ये तर परिसरशास्त्राची घरं दोन, एक पर्यावरण विज्ञानाखाली आणि एक कृषी व जीवविज्ञानाखाली. सरहद्दीवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा भागाकार बराच सैल बसतो.

तेव्हा ग्रंथपालांनी समितीचं विधानच तपासायला घेतलं. ‘विषयाबाहेरची सायटेशन’ म्हणजे काय? समितीने पाहिलं होतं की पेपर छापला कुठे. ग्रंथपालांनी पाहिलं की त्याचा आधार घेतला कुणी. संकलनाच्या ४१० सायटेशनपैकी ९६ कृषी आणि उद्यानविद्येच्या नियतकालिकांतून आली होती. परिसरशास्त्राच्या उरलेल्या २१७ सायटेशनपैकी ७० पिकांवरच्या लेखनातून. म्हणजे ‘बाहेरच्या’ पेपरांचा आधार घेणाऱ्या ‘आतल्या’ लोकांची बेरीज १६६, आणि मॅडमच्या खास उद्यानविद्येच्या १४ पेपरना मिळालेली सगळी सायटेशन १२१. शेरा इथे कोसळला. पेपर परक्या नियतकालिकात छापलेला होता, वाचणारे फळबागवालेच होते.

पुढचं काम कंटाळवाणं आणि खरं. उद्यानविद्येच्या वरच्या तीन पेपरची ५४ सायटेशन उघडून एकेक वाक्य वाचलं. ६ स्वतःचीच. १७ प्रस्तावनेतल्या ‘यावर अनेकांनी काम केलं आहे’ छापाच्या ओळीत, चार जणांसोबत एका कंसात. ३१ ठिकाणी मात्र त्यांची पद्धत किंवा त्यांचे आकडे प्रत्यक्ष वापरलेले, आणि त्यातली बरीच चेरिमोया, अॅटेमोयावर काम करणाऱ्या बाहेरच्या देशांतली. ‘स्थानिक पिकापुरतं’ या आदल्या वर्षीच्या शेऱ्याला हे उत्तर होतं, फक्त ते मागणाऱ्या समितीपुढे ठेवायला वर्षभर उशीर झाला. ४१०मधल्या कुणीही त्यांच्या सहा बागांविषयी अवाक्षर काढलेलं नव्हतं, हेही टिपणात प्रामाणिकपणे नोंदवलं गेलं.

गूगल स्कॉलरवर आकडा स्कोपसच्या दीडपट दिसत होता. एक सदस्य त्यावर म्हणाले, तिथे काय, काहीही मोजतात. मला हे अर्धंच मान्य आहे. भुक्कड नियतकालिकांची भीती पुण्याला तरी नव्याने सांगायला नको. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये यूजीसीच्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर टिकली नाहीत. पुढे यूजीसीची केअर ही दर्जेदार नियतकालिकांची यादी पुण्याच्याच विद्यापीठातून चालवली गेली आणि २०२५च्या सुरुवातीला ती व्यवस्थाही यूजीसीने गुंडाळली. पण गूगल स्कॉलरच्या त्या जादा आकड्यात कृषी विद्यापीठांतले एम.एस्सी.चे आणि पीएच.डी.चे प्रबंधही होते, ‘कृषिकोश’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ठेवलेले. राहुरी-दापोलीचा विद्यार्थी सीताफळावर प्रबंध लिहिताना मॅडमची पद्धत वापरतो, तर तो वापर नाही का? उद्यानविद्येत कामाचा पहिला वाचक बरेचदा हाच असतो, आणि स्कोपसला तो दिसत नाही.

त्याच्याही पलीकडचा वापर कुठल्याच डेटाबेसला दिसत नाही. गणेशखिंडच्या बागेत १९२७मध्ये निवडलेला लखनौ-४९, म्हणजे सरदार पेरू, देशभर पोचला. रोपवाटिकेत तो मागणारा कुणी त्याचा संदर्भ देतो का? बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने निवडलेल्या ‘एनएमके-१ गोल्डन’ या वाणाने सीताफळाची लागवड पालटून टाकली, तीही कुठल्या पेपरवाचून. मॅडमनी फुलोऱ्याच्या काळातल्या बागेच्या स्वच्छतेवर मराठीत चार पानी पुस्तिका लिहिली होती, ती पुरंदरमध्ये पाकिटात घालून हातोहात फिरली. अर्जात तिला रकाना होता ‘इतर’. टिपणात तिच्याविषयी दोनच ओळी घातल्या, आणि मला वाटतं ते बरोबर केलं. पुस्तिकेमुळे बागांत काय बदललं हे कुणी मोजलेलं नव्हतं, आणि मोजलेलं नसताना ‘प्रभाव’ म्हणणं हे सायटेशनच्या आकड्याइतकंच ढिसाळ.

टिपण एका पानाचं झालं. पाच पेपर निवडलेले, प्रत्येकात मॅडमनी नेमकं काय केलं त्याची एक ओळ, संकलनाचा पेपर वेगळा दाखवलेला, एच-इंडेक्स त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय, आणि सायटेशन देणाऱ्यांची विषयवार फोड. २०१३चा सॅन फ्रान्सिस्कोचा ‘डोरा’ जाहीरनामा आणि २०१५चा लायडन जाहीरनामा हेच सांगतात: नियतकालिकाच्या आकड्यावरून माणूस तोलू नका, विषयांच्या वेगवेगळ्या चाली ओळखा. टिपणात त्यांचा उल्लेख नव्हता. ग्रंथपालांचं म्हणणं, जाहीरनामे दाखवले की समिती बचावात जाते, फोड दाखवली की प्रश्न विचारते.

प्रश्न विचारले गेले. शेरा मागे घेतला, मुलाखतीला बोलावलं. तक्त्यातले गुण मात्र एकानेही वाढले नाहीत. नियमात तशी सोय नव्हती. मुलाखतीत एका ज्येष्ठ सदस्याने भुंगेऱ्यांवर बराच वेळ काढला, मग विचारलं, “फवारणी थांबवा असं तुम्ही शेतकऱ्याला सांगाल का?” मॅडम म्हणाल्या, “थांबवा नाही सांगणार सर. फुलोऱ्याचे आठवडे तेवढे सोडा, असं सांगेन.”

निवड यादीत त्यांचा क्रमांक दुसरा आला. पहिले आलेले संशोधक द्राक्षावर काम करणारे, एच-इंडेक्स १६. त्यात एखादा ८३ लेखकांचा पेपर होता का, त्यांच्या पेपरचा आधार कुणी घेतला होता, नावांचा काही घोळ होता का, हे कुणी पाहिलं नाही. टिपण एकाच उमेदवाराचं होतं आणि ते तिने स्वतः ग्रंथपालांकडे जाऊन करून घेतलं होतं. बाकीच्या सात जणांच्या फायली समितीने जशा आल्या तशाच मोजल्या.